निसर्गचित्रातील प्रकाश, रंग आणि प्रतीके : टर्नरच्या ‘फायटिंग टेमेरेर’च्या निमित्ताने

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना घेऊन कमाटीबागेत जायचे, हा बडोद्यातल्या मराठी घरांचा जुना परिपाठ. संग्रहालयात मुले ममीपाशी आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशी रेंगाळतात. पुढे युरोपीय चित्रांची दालने लागली की मात्र सगळ्यांचे पाय आपोआप भरभर पडू लागतात. सयाजीराव महाराजांनी ही चित्रे मोठ्या हौसेने आणवली. दालनाची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे चित्रे यायला उशीर झाला आणि दालन लोकांसाठी खुले व्हायला १९२१ उजाडले. एवढा खटाटोप करून आणलेल्या चित्रासमोर आपण सरासरी किती वेळ थांबतो, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

व्यक्तिचित्र असेल तर निदान चेहरा तरी पाहिला जातो. पौराणिक चित्र असेल तर गोष्ट ठाऊक असते. निसर्गचित्रात पाहायचे काय, हा प्रश्न आमच्या वाचनालयात अनेकांनी अनेकदा विचारला आहे. झाडे, पाणी, आभाळ, सगळे छान आहे, पण पुढे काय? या लेखात आम्ही एकच चित्र घेऊन बसणार आहोत. ते बडोद्यात नाही, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याची एक जुनी छापील प्रत आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर आहे आणि तिच्यावरून मंडळात झालेला वाद हेच या लेखाचे मूळ आहे.

चित्र आणि त्यामागची घटना

जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) या इंग्रज चित्रकाराने हे तैलचित्र १८३९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले. उंची सुमारे ९१ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. लांबलचक शीर्षकाचा मथितार्थ असा, की लढवय्यी ‘टेमेरेर’ मोडीत काढण्यासाठी तिच्या अखेरच्या धक्क्याकडे ओढून नेली जात आहे.

टेमेरेर हे ९८ तोफांचे ओक लाकडाचे युद्धजहाज. १७९८ साली ते चॅटम येथे पाण्यात उतरले. २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत ते नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या पाठोपाठ होते आणि व्हिक्टरी अडचणीत आली तेव्हा तिच्या मदतीला धावून गेले. त्यानंतर त्याचे दिवस फिरले. कैद्यांचे जहाज, कोठाराचे जहाज अशी कामे करत ते धक्क्याला पडून राहिले. शेवटी १८३८ च्या ऑगस्टमध्ये जॉन बीटसन या जहाजतोडणीच्या व्यापाऱ्याने ते ५,५३० पौंडांना विकत घेतले. ५ आणि ६ सप्टेंबरला दोन वाफेच्या टगबोटींनी ते शीअरनेसहून थेम्स नदीतून वर, रॉदरहाइथच्या धक्क्यावर ओढत आणले. टर्नरने हा प्रवास स्वतः पाहिला असा पुरावा नाही.

चित्रात डाव्या बाजूला हे उंच, फिकट, पांढरट सोनेरी जहाज दिसते. त्याच्या पुढे एक ठेंगणी काळपट टगबोट, तिच्या धुराड्यातून जाळ आणि धूर निघतो आहे आणि तो धूर मागे जहाजाच्या डोलकाठ्यांवरून वाहतो आहे. उजवीकडे पाण्याला टेकलेला सूर्य. वर डाव्या कोपऱ्याकडे चंद्राची बारीक कोर. खाली उजवीकडे, अगदी पुढे, एक काळा बोया. एवढ्यावर चित्र संपते. निम्म्याहून जास्त कॅनव्हास नुसते आभाळ आहे.

प्रकाश कोठून येतो

निसर्गचित्रासमोर उभे राहिल्यावर सर्वांत आधी हे शोधावे. सूर्य चित्रात असो वा नसो, त्याची जागा सावल्यांवरून आणि कडांवरून सापडते. ती सापडली की वेळ सापडते आणि वेळेवरून चित्राचा सूर लागतो.

इथे सूर्य समोरच आहे, म्हणून काम सोपे वाटते. पण आमच्याकडे पहिला वाद याच मुद्द्यावर झाला. एका भगिनींचे म्हणणे, हा सूर्योदय आहे, रंग किती प्रसन्न आहेत बघा! शीर्षक झाकून ठेवले तर हा प्रश्न खराच आहे, कारण उगवतीचे आणि मावळतीचे रंग सारखेच असू शकतात. दोन्ही वेळा सूर्यकिरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. त्या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि लाल-नारिंगी उरतो. लंडनच्या दगडी कोळशाच्या धुराने त्यात भरच घातली असणार.

वाद मिटवला तो चंद्राने, आणि पंचांग पाहणाऱ्यांना हे पटकन कळेल. अमावास्येनंतरची वाढती कोर संध्याकाळी पश्चिमेला, मावळत्या सूर्याच्या वर आणि डावीकडे दिसते. अमावास्येच्या आधीची घटती कोर पहाटे पूर्वेला, सूर्याच्या वर पण उजवीकडे दिसते. (हे उत्तर गोलार्धापुरते, बडोदा आणि लंडन दोन्ही त्यातच आहेत.) चित्रात चंद्र सूर्याच्या डावीकडे आहे. तेव्हा ही संध्याकाळ, आणि चंद्र बीजेचा किंवा तृतीयेचा. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी येत्या शुक्ल द्वितीयेला गच्चीवर जावे.

प्रकाशाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. या चित्रात उजेड एक नाही, तीन आहेत. उजवीकडे सूर्याचा सोनेरी, डावीकडे चंद्राचा रुपेरी, आणि मध्ये टगबोटीच्या धुराड्यातला आगीचा. निसर्गातले दोन उजेड कॅनव्हासच्या दोन टोकांना ठेवले आहेत आणि माणसाने पेटवलेला तिसरा अगदी मधोमध जहाजाच्या पुढ्यात आहे. जहाजाला स्वतःचा उजेड नाही, तरी ते उजळलेले दिसते. कागदावर पेन्सिलीने या तीन जागा खुणा करून पाहिल्या तर मांडणी लगेच ध्यानात येते.

आपल्याकडे दिवेलागणीची वेळ लवकर सरते. लंडनमध्ये ती आपल्यापेक्षा लांबते, कारण तिथे सूर्य क्षितिजाला फार तिरका जाऊन भिडतो. त्यामुळे उत्तरेकडच्या चित्रांत संध्याकाळ इतकी रेंगाळलेली का दिसते, असे वाटले तर त्यात चित्रकाराची अतिशयोक्ती नसून अक्षांशाचा वाटा आहे, हे लक्षात असू द्यावे.

रंग : नाव नको, शेजार पाहा

‘सूर्यास्त लाल आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. रंग वाचताना त्याच्या नावापेक्षा त्याच्या शेजाऱ्याकडे पाहणे उपयोगाचे ठरते. या चित्राची उजवी बाजू उबदार रंगांची आहे: पिवळा, नारिंगी, तांबूस. डावी बाजू थंड, निळसर. निळा आणि नारिंगी हे परस्परविरोधी रंग. शेजारी ठेवले की दोन्ही अधिक झळाळतात. साडीचे काठ-पदर निवडणाऱ्या कोणाही बाईला हे शिकवावे लागत नाही. सूर्य इतका पेटलेला दिसतो त्यात निळ्या डाव्या बाजूचा मोठा हात आहे. हाताने डावा अर्धा भाग झाकून पाहा, उजवीकडचे तेज उतरलेले दिसेल.

आता जहाज आणि टगबोट. त्या काळातली इंग्रज युद्धजहाजे साधारणपणे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची असत. टर्नरने जहाज जवळजवळ पांढरे केले आहे, जणू धुक्यातून घडलेले. टगबोट मात्र गडद, भरीव, वजनदार. आकाराने लहान असूनही डोळा आधी तिच्यावरच जातो, कारण फिकटाशेजारी आलेला गडद नेहमी पुढे येतो. मोठे जहाज मागे सरते, लहान बोट पुढे येते. शीर्षक वाचायच्या आधीच कोण कोणाला ओढतो आहे आणि आता जोर कोणाचा, हे रंगांनी सांगून टाकलेले असते.

रंग लावण्याची रीतही दोन तऱ्हांची आहे. सूर्याभोवतीच्या ढगांत रंग जाड थापलेला आहे, मूळ चित्रात तो उंचवट्यासारखा दिसतो. जहाजाच्या दोरखंडांचे काम बारीक आणि हलक्या हाताचे आहे. छापील प्रतीत हा फरक पार सपाट होतो. टर्नरला पिवळ्याचे वेड होते आणि त्यावरून समकालीनांनी त्याची भरपूर टिंगलही केली. एकोणिसाव्या शतकात नव्याने हाती आलेला क्रोम पिवळा त्याने मनसोक्त वापरला. रंग बाजारात येण्याचा आणि चित्रातला सूर्य बदलण्याचा असा थेट संबंध असतो. चित्रकाराच्या मनात काय होते याच्या चर्चेत आपण हे विसरतो.

‘हे सगळे खोटे आहे’

दुसरा वाद जास्त गंभीर होता. आमच्या मंडळातले एक काका नौदलातून निवृत्त झालेले. ते भिंतीवरच्या प्रतीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, भंगारात निघालेल्या जहाजावर डोलकाठ्या ठेवतात का कधी? विकायच्या आधी सगळं काढून घेतात. ज्यानं हे काढलं त्याला जहाजातलं काही कळत नाही.”

काकांचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. टेमेरेर निघाली तेव्हा तिच्या डोलकाठ्या आणि दोरखंड काढून घेतलेले होते, उरला होता तो नुसता सांगाडा. एवढेच नाही. टगबोटी दोन होत्या, चित्रात एक आहे. जहाज ६ सप्टेंबरला भर दुपारी, दोनच्या सुमारास धक्क्याला लागले, म्हणजे या शेवटच्या टप्प्यात सूर्यास्त नव्हताच. शीअरनेसहून रॉदरहाइथ पश्चिमेला. थेम्स बरीच वळणे घेते हे खरे, पण एकूण प्रवास मावळतीच्या दिशेने व्हायला हवा, आणि चित्रात जहाज सूर्याकडे पाठ करून आपल्याकडे येते आहे. टगबोटीचे धुराडे तिच्या डोलकाठीच्या पुढे दाखवले आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा असे. पुढे विलमोर या खोदकाराने या चित्राचे छापचित्र केले तेव्हा त्याने ही ‘चूक’ दुरुस्तही करून टाकली.

राहिला चंद्र. १८३८ साली १८ सप्टेंबरला सूर्यग्रहण झाले होते. ग्रहण अमावास्येलाच होते, तेव्हा ५–६ सप्टेंबरला पौर्णिमा नुकतीच उलटलेली असणार. चंद्राची कोर आकाशात असणे शक्यच नव्हते.

मग टर्नरला कळत नव्हते का? नदीकाठी वाढलेला, जन्मभर जहाजे रेखाटणारा हा माणूस. लढाईनंतर परतलेल्या व्हिक्टरीवर जाऊन त्याने टिपणे घेतली होती. त्याला डोलकाठ्यांचे अज्ञान असेल हे संभवत नाही. त्याने बदल केले ते सगळे एकाच बाजूला झुकतात, आणि चित्राचा अर्थ शोधण्याची जागा नेमकी तीच आहे. डोलकाठ्या परत उभारल्या, म्हणजे जहाजाला त्याचे भरात असतानाचे रूप परत दिले. धुराडे पुढे आणले, म्हणजे आग आणि धूर आघाडीवर आले. दुपारची संध्याकाळ केली. घटनेशी चित्र ताडून पाहावे ते यासाठी. जिथे फरक पडतो तिथे चित्रकार बोलत असतो. जिथे सगळे तंतोतंत जुळते तिथे बहुधा तो फक्त पाहत असतो.

काकांना हे सांगितल्यावर ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, विक्रांत दारूखान्यात गेली तेव्हा मुंबईत असूनही पाहायला गेलो नाही. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात लढलेली, पुढे काही वर्षे संग्रहालय म्हणून ठेवलेली ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. २०२० च्या सप्टेंबरात ‘विराट’ही मुंबईहून टगबोटीने ओढत आपल्या भावनगरजवळच्या अलंगला नेली. “माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती विमानांसकट,” असे काका विक्रांतविषयी म्हणाले. डोलकाठ्यांची तक्रार मात्र त्यांनी अजून मागे घेतलेली नाही.

प्रतीके, आणि ती वाचताना घ्यायची काळजी

मावळता सूर्य म्हणजे संपणारा काळ, शिडाचे जहाज म्हणजे जुने शौर्य, टगबोट म्हणजे यंत्रयुग: हा ढोबळ अर्थ पहिल्यापासून लावला गेला. प्रदर्शनानंतर लगेच लिहिताना कादंबरीकार थॅकरे यांनी चित्राची मनापासून स्तुती केली आणि त्या चिमुकल्या वाफेच्या बोटीला जवळजवळ सैतानच ठरवले. नौदलाचा ध्वज जहाजावर दिसत नाही, टगबोटीवर पांढरे निशाण आहे. यातही जहाज आता राष्ट्राचे राहिले नाही, विकले गेले, असे सुचवलेले दिसते.

पण आम्हाला हा अर्थ अपुरा वाटतो. टर्नर यंत्रांचा वैरी नव्हता. तो स्वतः वाफेच्या बोटींनी हिंडत असे आणि पाच वर्षांनी, १८४४ मध्ये, त्याने पावसातून धावत येणाऱ्या आगगाडीचे जे चित्र मांडले त्यात गाडीविषयी कुतूहल आणि दरारा दोन्ही आहेत. टगबोटही इथे नेटाने काम करते आहे. तिच्यावाचून त्या मोठ्या जहाजाला हलताही येत नाही.

शिवाय चंद्राचे काय करायचे? केवळ शोकच दाखवायचा असता तर सूर्यास्त पुरेसा होता. टर्नरने आकाशात नसलेली कोर मुद्दाम आणली, आणि तीही वाढती. पाश्चात्य लेखकांनी तिच्यात नव्या युगाची चाहूल पाहिली आहे. मराठी वाचकाला तर ही खूण शिकवावी लागू नये. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत राज्याला प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखे वाढत जाणारे म्हटले आहे. टर्नरला ती मुद्रा ठाऊक नव्हती हे उघड आहे. त्यामुळे तिचा अर्थ त्याच्या चित्रावर लादता येत नाही. पण आकाशातली एकच गोष्ट पाहून दोन दूरच्या संस्कृतींनी एकच अर्थ घ्यावा, यात नवल नाही. कोर दोन्हीकडे वाढतच जाते.

सगळीकडे असे जुळत नाही. सूर्यास्ताचा केशरी पाहून आपल्या मनात भगवा येतो, त्याग येतो, वैराग्य येते. या चित्रात तो अर्थ शोधणे म्हणजे आपले घर दुसऱ्याच्या अंगणात बांधणे होय. पांढरा रंगही तसाच. जहाजाचा पांढरा हा आपल्या शोकाच्या वस्त्राचा पांढरा नव्हे, तो भुताटकीचा, आठवणीचा पांढरा आहे. आपल्या मनात काय आले ते अवश्य नोंदवावे, मात्र ‘मला असे वाटले’ आणि ‘चित्रकाराने असे सुचवले’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. दुसऱ्या वाक्याला पुरावा लागतो: शीर्षक, काळ, चित्रकाराची इतर चित्रे, किंवा आपण वर पाहिले तसे घटनेपासून केलेले बदल.

काळा बोया कशाचे प्रतीक, यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींना तो पूर्णविराम वाटतो. आमच्या मते त्याचे पहिले काम चित्राचे आहे. उजवीकडचा एवढा मोकळा, झगमगता भाग खाली बांधून ठेवायला एक गडद ठिपका हवाच होता. प्रत्येक वस्तूला अर्थ असलाच पाहिजे असा हट्ट धरला की चित्राचे कोडे होते.

आपल्याकडची निसर्गचित्रे

ही सगळी रीत युरोपीय धाटणीच्या चित्रांना लागू पडते. पहाडी किंवा राजस्थानी लघुचित्रांपुढे ‘प्रकाश कोठून येतो’ हे विचारून फारसे हाती लागत नाही. तिथे रात्र असल्याचे चंद्र, चांदण्या किंवा दिवा सांगतो, पण माणसे आणि झाडे लख्खच दिसतात. रंग तिथे ऋतूचा आणि भावाचा असतो, घड्याळातल्या वेळेचा नसतो. तिथे आधी ऋतू विचारावा, मग नायिका कोण ते विचारावे.

मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून किंवा इंदूरच्या देवळालीकर गुरुजींच्या चित्रशाळेतून शिकलेल्या चित्रकारांची निसर्गचित्रे पाहताना वरची रीत चांगली उपयोगी पडते. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे, देवळालीकरांचे शिष्य. १९५० मध्ये ते बडोद्याला आले आणि येथील ललित कला शाखेत त्यांनी एक पिढी घडवली. त्यांच्या उमेदीच्या काळातली निसर्गचित्रे पाहायला मिळाली तर सावल्यांकडे पाहावे. ऊन आपले, कडक आणि डोक्यावरचे. अशा उन्हात सावली नुसती काळी ठेवली तर चित्र मरते, म्हणून तिच्यात रंग शोधावा लागतो. टर्नरचा ओलसर, विरघळता उजेड आपल्या माळव्यात किंवा गुजरातेत क्वचितच, एखाद्या श्रावणातल्या संध्याकाळी भेटतो.

टर्नरने टेमेरेरचे चित्र अखेरपर्यंत विकले नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १८५६ मध्ये, ते मृत्युपत्रान्वये राष्ट्राच्या मालकीचे झाले. २०२० पासून इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या चेहऱ्यामागे हेच जहाज छापलेले आहे. तिकडे मुले-नातवंडे असणाऱ्या सभासदांनी पुढच्या खेपेला एखादी नोट मागवून पाहावी. वाचनालयातली आमची प्रत जुनी असून तिच्यातला निळा बराच उडाला आहे, त्यामुळे सूर्य असायला हवा तितका पेटत नाही. नवी, चांगली छापलेली प्रत मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर डावी बाजू थोडी अधिक निळी आहे असे समजून पाहावे.